त्याच्या डीपीवरचा बेडूक

"मॅडम, माणूस कुठे उठतो-बसतो त्यावरूनच तो कसा आहे ते कळतं ना?"

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. आई-वडील मुलांबद्दल विचारतात, लग्न ठरलेले एकमेकांबद्दल विचारतात. पूर्वी काळजी कट्ट्यावरच्या मित्रांची असायची, आता ती ग्रुपची, चॅनलची आणि डीपीची असते. या वेळी विचारणारी होती तिशीतली एक मोठी बहीण. भाऊ बावीस वर्षांचा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला दोघांचीही परवानगी आहे.)

भावाचा लॅपटॉप उघडा राहिला होता. त्यावर डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचा एक ग्रुप दिसला. त्यात बायकांबद्दल अत्यंत घाणेरडे विनोद होते आणि भावाच्या नावापुढे हिरव्या बेडकाचं चित्र. तिने ते चित्र शोधलं, तर ते द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत असल्याचं कळलं. त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं होतं.

"आई म्हणते तेच खरं. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला."

खरं सांगायचं तर तो बेडूक पाहून पहिल्या मिनिटात माझंही मत झालं होतं. म्हणून मी आधी तिला फोनमधले स्क्रीनशॉट दाखवायला सांगितलं. एकेचाळीस होते, वेगळा फोल्डर करून ठेवलेले.

"यात त्याने स्वतः लिहिलेलं किती आहे?"

ती थांबली. हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. आम्ही दोघींनी सगळे पुन्हा पाहिले. त्याचे पाच मेसेज निघाले. एकात कुणाला तरी मुलाखतीच्या तयारीबद्दल सांगितलं होतं. दोनांत नोकरीसाठी आलेल्या नकारांबद्दल लिहिलं होतं. एक रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिलेला: "आज पण झोप नाही." आणि पाचवा मेसेज म्हणजे बायकांबद्दलचा तसाच एक विनोद. तो वाईटच होता. मी तो झाकायचा प्रयत्न केला नाही.

बेडकाबद्दल मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. पेपे नावाचं ते पात्र मॅट फ्युरी या चित्रकाराने २००५ मध्ये एका कॉमिकसाठी काढलं. पुढे ते इंटरनेटभर पसरलं, आणि वंशद्वेष पसरवणाऱ्यांनीही ते उचललं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने त्याची नोंद द्वेषचिन्हांत केली. पण त्याच नोंदीत हेही म्हटलं आहे की या चित्राचा बहुतेक वापर द्वेषाचा नसतो, संदर्भ पाहावा लागतो. तिने यादी वाचली होती, ही पुढची ओळ वाचली नव्हती. घाबरलेला माणूस पुढची ओळ वाचत नाही, यात तिचा दोष नाही.

एकच खूण अख्ख्या माणसाला कशी रंगवते, यावर सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा १९४६ चा प्रयोग आहे. त्याने लोकांना एका व्यक्तीच्या गुणांची सात शब्दांची यादी दिली. हुशार, कुशल, मेहनती वगैरे. दोन गटांच्या यादीत फरक एकाच शब्दाचा: एकीत 'प्रेमळ', दुसरीत 'कोरडा'. बाकीचे सहा शब्द तेच. तरी पहिल्या गटाने रंगवलेला माणूस उदार आणि आनंदी निघाला, दुसऱ्याचा तसा निघाला नाही. आपल्या या ताईंच्या यादीत बावीस वर्षांचं सगळं होतं. आजारपणात तिच्या उशाशी बसलेला भाऊही होता. एक बेडूक आला आणि सगळ्या शब्दांचा अर्थ बदलला.

याची उलटी बाजू मला जास्त छळते. डीपीवर समईचा फोटो, रोज सकाळी सुविचार, आणि घरात बायकोवर हात उचलणारा माणूस, असे माझ्यासमोर बसून गेलेत. त्यांच्या चिन्हांवरून कुणाला कधी शंका आली नाही.

मग चिन्हाकडे दुर्लक्ष करायचं का? नाही. चिन्ह पाहून माणसाला विचारावं. आईच्या म्हणीतल्या पवळ्याला कुणीतरी दाव्याने बांधलं होतं. हा भाऊ त्या दावणीला आपणहून जाऊन उभा राहिला होता. का, हे त्यालाच विचारायला हवं होतं. आणि विचारण्याआधी एक गोष्ट तिने कबूल करणं भाग होतं, ती म्हणजे तिने त्याचं खाजगी बोलणं चोरून वाचलं होतं. हे तिला जड गेलं. आम्ही एक अख्खी भेट त्या पहिल्या दोन वाक्यांवरच घालवली.

ती त्याला म्हणाली, "मी तुझा लॅपटॉप पाहिला, ते चुकलं माझं. तुझं ते बायकांबद्दलचं वाचून मला लागलं, कारण मीही बाईच आहे. पण मला सांग, तुला तिथे काय मिळतं?"

तो आधी चिडला. खोलीत गेला. रात्री जेवताना कुणाकडेही न बघता म्हणाला, "ताई, रात्री दोन वाजता तिथे कुणीतरी जागं असतं."

एखादा माणूस काळजी करावी अशा वळणावर आहे की नाही, हे मी या उत्तरापलीकडे त्याच्या वागण्यात शोधते. तिथली भाषा तो घरात, कामाच्या ठिकाणी समोरच्या माणसावर वापरू लागलाय का? कुणाला इजा करण्याची गोष्ट गमतीत का होईना, पुन्हा पुन्हा करतोय का? जुनी माणसं एकेक करून तोडतोय का? यातलं काही दिसलं तर वाट बघू नये, मदत घ्यावी. भावाच्या बाबतीत असं काही नव्हतं. झोप मात्र चार महिन्यांपासून उडाली होती आणि ते घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यासाठी तो नंतर डॉक्टरांकडे गेला.

त्या विनोदाबद्दल दोन दिवसांनी त्याने एवढंच लिहिलं: "ते लिहायला नको होतं." तो ग्रुप त्याने सोडला, दुसरा एक ठेवला. ताईंना तोही फारसा पसंत नाही, आणि तसं त्या त्याला तोंडावर सांगतात.

शेवटच्या भेटीत त्यांनी फोन पुढे केला. आदल्या रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी आलेला मेसेज होता: "जागी आहेस का?" बाजूला तोच हिरवा बेडूक.