जुन्या चर्चच्या दुरुस्तीत काय जपावे?

आपल्या धर्मग्रामातील जुने चर्च दुरुस्तीला निघाले आहे, तेव्हा गिलावा काढून आतला दगड उघडा ठेवावा का आणि वारसा म्हणून काय जपावे, असे आपण विचारले आहे. सातारा जिल्ह्यात जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामे मी पाहतो. माझे मत असे की दगड मुळीच उघडा करू नये.

गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिका यासाठी पाहावी. १६०५ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या या इमारतीच्या जांभ्यावर मुळात चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, वास्तूला प्राचीन रूप यावे या विचाराने, तो खरवडून काढला गेला आणि तेव्हापासून पावसाचा मारा थेट सच्छिद्र जांभ्यावर होऊन तो झिजत चालला आहे. आज बहुतेकांना तो तांबडा दगडच मूळ रूप वाटतो, याचे मला फार वाईट वाटते. आमच्या महाबळेश्वरलाही हाच जांभा आहे आणि पाऊस वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पडतो, म्हणून हा प्रश्न आम्हाला परका नाही.

गिलावा सुटलाच असेल, तर तिथे सिमेंट लावू नका. सिमेंट भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडू देत नाही. मग लोणा फुटतो, म्हणजे भिंतीवर क्षारांची पांढरी पूड येते, आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. गळून पडलेला एखादा तुकडा हाताने कुस्करून पाहा: वाळूत न विरघळलेल्या चुन्याच्या पांढऱ्या गाठी दिसल्या, तर मूळ काम चुन्याचे आहे असे समजावे आणि दगडांच्या दर्जाही, म्हणजे दोन दगडांमधील सांधे, चुन्यानेच भराव्यात. चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या घाण्यात) मळलेला चुना वेळखाऊ आहे खरा, परंतु तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

आतमध्ये सर्वांत जास्त धोका जुन्या वेदीला असतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, अर्पण करू लागले, त्यासाठी वेदी भिंतीपासून पुढे आली आणि मागची कोरीव लाकडी मखरे अनेक ठिकाणी अडगळ ठरली. आपल्याकडे ते मखर शिल्लक असेल, तर वाळवी तपासून जागेवरच ठेवावे.

घंटेकडेही लक्ष द्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर वसईच्या १७३९च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आणि १७०७ हे साल आजही वाचता येते. आपल्या घंटेवरही ओतकामातील अक्षरे असतील, तर रंगाऱ्याला तिच्यावर ऑइलपेंट लावू देऊ नका आणि काम सुरू होण्यापूर्वी अक्षरांचे ठसे कागदावर घेऊन चर्चच्या दप्तरात ठेवा.