मुलांच्या प्रश्नांवरून विज्ञान शिकवलं तर पोर्शन पुरा होतो का?

होतो, फक्त सगळेच धडे तसे घ्यायचा हट्ट नको. मी सोलापुरात पूर्व भागातल्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. पेशीचे भाग वगैरे पोरं प्रश्न विचारून शोधणार नाहीत, ते सरळ फळ्यावर शिकवायचं. जी वस्तू हातात घेता येते तिथं मात्र प्रश्न त्यांचाच हवा.

आमच्याकडं घराघरात नाहीतर शेजारी यंत्रमाग, त्यामुळं एका मुलीनं विचारलं, नवा टॉवेल अंग नीट का पुसत नाही आणि धुऊन जुना झाला की कसा काय पाणी ओढतो? मी उत्तर दिलंच नाही, "कसं तपासायचं सांगा" म्हटलं. मग एक नवी पट्टी, एक जुनी, आणि एक नवीच पण साबणाच्या पाण्यात उकळून वाळवलेली, तिन्ही एकाच रुंदीच्या (यावर बराच वाद झाला, एकजण म्हणे रुंद पट्टी जास्त पाणी घेणार मग तुलना कशी करायची, आणि अगदी बरोबर होतं त्याचं), शाईच्या पाण्यात टोकं बुडवून टांगल्या आणि पाणी कुठवर चढतंय तिथं दर मिनिटाला पेन्सिलनं खूण. उकळलेली जुनीच्या जवळपास गेली, नवी मागंच राहिली. म्हणजे सूत तेच, वर काहीतरी बसलंय. दुसऱ्या दिवशी एकजण वडिलांना विचारून आला की टॉवेल मऊ लागावा म्हणून शेवटी सॉफ्टनर देतात. बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढतं त्याला केशाकर्षण म्हणतात, हा शब्द मी तेव्हा दिला, आणि धड्याचा तो भाग फार पटकन उरकला.

प्रश्न काढायला अमेरिकेतल्या राइट क्वेश्चन इन्स्टिट्यूटचे नियम वापरा: सुचतील तेवढे प्रश्न विचारायचे, मध्येच चर्चा किंवा उत्तर नाही, बोलला तसाच लिहायचा, विधान आलं तर त्याचा प्रश्न करायचा. आमची बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, प्रश्न तेलुगूत आला तर मी तसाच देवनागरीत फळ्यावर लिहिते, नाहीतर अर्धा वर्ग गप्पच बसतो. मग त्यातले वर्गात करून बघता येतील असे तीन पोरांनाच निवडू द्या.

उरलेले फेकू नका. मध्य प्रदेशातल्या शाळांत 1972 ते 2002 होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला, त्यात पोरं सवालीराम या काल्पनिक माणसाला पत्रानं प्रश्न विचारायची आणि उत्तरं यायची. आम्ही त्याच धर्तीवर पेटी ठेवलीय, शनिवारी उघडतो.