फॅनफिक विकायला काढण्याआधी

अगं,

तुझा मेसेज मिळाला आणि तुझी अख्खी फॅनफिकही, म्हणजे दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकांतली पात्रं घेऊन तू लिहिलेली गोष्ट, वाचून झाली. तू विचारलंयस की सुरुवातीला 'पात्रं माझी नाहीत, मूळ लेखिकेची आहेत, मी यातून पैसे कमवत नाही' असं टाकलंय, तर आता ते ई-बुकवाले ती ई-बुक करून विकूया म्हणतायत तेव्हा तेवढं पुरेल का. नाही पुरणार. विकायला लागलीस की त्यातला पैशांचा भाग तर खोटाच होतो, आणि 'माझी नाहीत' या शब्दांनी तू स्वतःच लिहून देतेस की हे दुसऱ्याचं आहे हे तुला माहीत होतं. क्रेडिट जरूर दे, द्यायलाच हवं, पण क्रेडिट म्हणजे परवानगी नाही. फक्त प्लीज घाबरून काही डिलीट करू नकोस, आधी हे सगळं वाच.

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती कशी मांडलीय त्यावर असतो. भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद केसमध्ये हेच सांगितलं, एका नाटककाराचं म्हणणं होतं की सिनेमा आपल्या नाटकावरून उचललाय, आणि कोर्ट म्हणालं की विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून ही चोरी नाही. म्हणजे जादूची शाळा, अनाथ मुलगा, भविष्यवाणी, हे सगळं कोणीही वापरावं. पात्रांचं मात्र जरा अवघड आहे. अमेरिकेत १९३० सालीच जज लर्नेड हँड यांनी लिहून ठेवलंय की पात्र जितकं कमी रंगवलेलं तितकं त्याला संरक्षण कमी, म्हणजे नुसता 'कंजूष म्हातारा' कोणाचाच नसतो, पण ज्याची बोलण्याची ढब, भूतकाळ, नाती, सवयी असं सगळं मूळ लेखिकेने उभं केलंय तो तिचा असतो. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये एका टीव्ही मालिकेतल्या डेल बॉय या पात्रालाच स्वतंत्र साहित्यकृती मानलं कोर्टाने. त्यामुळे 'मी एकही ओळ कॉपी केली नाही' हे तुझं म्हणणं खरं आहे, मी तपासलं, पण तेवढ्याने सुटका होत नाही.

आता फेअर यूज, म्हणजे परवानगी न घेताही दुसऱ्याचं काही प्रमाणात वापरायची कायद्यातली सूट. हा शब्द सगळे जण वाटेल तिथे वापरतात म्हणून इथे थोडं थांबते. अमेरिकेत कोर्ट चार गोष्टी बघतं: वापर कशासाठी, मूळ कृती कशा प्रकारची, त्यातलं किती घेतलं, आणि मूळच्या बाजाराला किती धक्का बसतो. २००१ मध्ये 'गॉन विथ द विंड' ही गोष्ट एका गुलाम स्त्रीच्या नजरेतून पुन्हा सांगणाऱ्या कादंबरीवरची बंदी तिथल्या अपील कोर्टाने उठवली, कारण ती मूळ पुस्तकाच्या जगालाच प्रश्न विचारत होती, आणि ती विकली जात होती तरीही! पण २००९ मध्ये सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' कादंबरीतल्या होल्डन या मुलाला म्हातारा करून पुढची गोष्ट लिहिणाऱ्याला न्यूयॉर्कच्या कोर्टाने अडवलं, कारण वय वाढवण्यापलीकडे मूळवर काही भाष्य त्यांना दिसलं नाही (वरच्या कोर्टाने ते पुन्हा विचारासाठी पाठवलं, शेवटी तडजोड झाली). हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तू त्यात नवं काय आणलंस, हेच तुझ्या बाजूने बोलतं.

आणि हे प्रत्येक देशात सारखं नाहीये. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फेअर डीलिंग नावाची सूट आहे, खाजगी वापर, टीका-समीक्षा, बातम्या अशी ठरलेली कारणं, त्यात फॅनफिक कुठे बसते हे स्पष्ट नाही, शिवाय लेखकाचे नैतिक हक्क, म्हणजे आपलं नाव लागावं आणि आपल्या कृतीची नाचक्की होऊ नये असे हक्क, वेगळे. कॅनडाने २०१२ मध्ये पैसे न घेता केलेल्या अशा निर्मितीला कायद्यातच जागा दिली, काही अटी घालून. पैसे न घेणं सगळीकडे तुझ्या बाजूला वजन टाकतं, पण सगळीकडे तुला वाचवतंच असं नाही.

एक केस मात्र तुला माहीत हवीच. अमेरिकेतल्या एका फॅनने टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पुढचा भाग लिहून विकायला काढला आणि वर २०२३ मध्ये टॉल्किन इस्टेट (त्याच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणारे) आणि ॲमेझॉनवरच दावा ठोकला की त्यांच्या टीव्ही मालिकेने माझं चोरलं. कोर्ट म्हणालं, तुझं पुस्तकच परवानगीशिवाय केलेलं आहे, त्यावर तुला कॉपीराइट मिळणार कुठून. दावा गेला, सगळ्या प्रती नष्ट करायला लावल्या आणि समोरच्यांच्या वकिलांचे सुमारे १ लाख ३४ हजार डॉलर त्याच्या अंगावर आले. इतकी मेहनत करून हातात स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नाही त्याच्या, मला खरंच वाईट वाटलं वाचून.

तुझ्याबाबतीत तसं होऊ नये म्हणून सांगते. तुझ्या फिकमधला तो दीपगृहाचा भाग, ती बहिरी नकाशे काढणारी बाई, दोघी बहिणींचं भांडण, यातलं काहीच मूळ पुस्तकांत नाहीये, ते पूर्ण तुझं आहे आणि अख्ख्या फिकमधलं सगळ्यात चांगलंही तेच आहे. ते उचल आणि त्याभोवती नवं जग बांध. नुसती नावं बदलून भागणार नाही हं, नायकाचा भूतकाळ, जादूचे नियम, ती शाळा, जिथे जिथे वाचकाला मूळ पुस्तक आठवल्याशिवाय प्रसंग कळत नाही तिथे तिथे नव्याने लिहावं लागेल, वेळ लागेल, लागू दे. आणि आत्ताची फिक आहे तशी फुकट राहू दे, वाचणारे वाचतायत. कधी टेकडाउन नोटीस, म्हणजे फिक साइटवरून काढून टाका अशी नोटीस, आलीच तर भांडत बसू नकोस, आधी मला दाखव. दुसऱ्याच्याच पात्रांवर पुस्तक काढायची हौस असेल तर पब्लिक डोमेनमधली, म्हणजे ज्यांचा कॉपीराइट संपलाय अशी, घे, शेरलॉक होम्सच्या सगळ्या गोष्टी अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून मोकळ्या आहेत.

त्या ई-बुकवाल्यांना अजून हो म्हणू नकोस. त्यांनी काँट्रॅक्ट पाठवलं असेल तर त्यात वॉरंटी आणि इंडेम्निटी असे शब्द शोध. साधारण तिथे असं असतं की हे लिखाण पूर्णपणे माझं आहे अशी हमी तू देतेस, आणि कोणी केस केली तर सगळा खर्च तुझा. ते पान आजच मला पाठव, सही त्यानंतर बघू.

तुझी,
ताई