रेस्टॉरंट सप्ताहात जेवायला कुठे जायचे, हे कसे ठरवावे?

आपला प्रश्न असा आहे की, शहरात लवकरच सवलतीचा रेस्टॉरंट सप्ताह, म्हणजे अनेक रेस्टॉरंटे एकाच ठरावीक दरात सुरुवातीचा, मुख्य आणि गोड अशा तीन पदार्थांचे जेवण देतात तो काळ, सुरू होत आहे, यादीत दोनशेहून अधिक नावे आहेत आणि आपल्याला जोडीदारासह त्यांतल्या एकाच ठिकाणी जाणे शक्य आहे. तर जिथे सवलत सर्वांत मोठी दिसते ते ठिकाण निवडावे का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. सवलतीचा आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि त्या ठिकाणाचा नेहमीचा मेन्यू व सप्ताहासाठी काढलेला मेन्यू शेजारी शेजारी ठेवून वाचा. मी बरीच वर्षे अशा सप्ताहांत जेवायला जात आले आहे आणि हे दोन मेन्यू न वाचता केलेल्या निवडीचा मला बहुतेक वेळा पस्तावाच झाला.

हा उपक्रम मुळात कशासाठी निघाला हे पाहिले, तर निवडीची कसोटी हाती येते. १९९२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते. त्या निमित्ताने रेस्टॉरंट व्यावसायिक जो बॉम आणि खाद्यमार्गदर्शिकांचे प्रकाशक टिम झगाट यांच्या पुढाकाराने तेथील नामांकित रेस्टॉरंटांनी दुपारचे ठरावीक जेवण १९.९२ डॉलरना, म्हणजे त्या सालाचाच आकडा किंमत म्हणून लावून, देऊ केले. एकदाच करायचा म्हणून केलेला हा प्रयोग लोकांना इतका आवडला की तो पुढे दरवर्षी होऊ लागला आणि नंतर इतर अनेक शहरांनी उचलला. त्यामागचा व्यवहार सरळ आहे. आज रात्री रिकामे राहिलेले टेबल उद्या विकता येत नाही. जागेचे भाडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार मात्र टेबल भरले काय आणि रिकामे राहिले काय, द्यावेच लागतात. म्हणून असे सप्ताह बहुधा मंदीच्या दिवसांत ठेवले जातात आणि एरवी ज्याने उंबरठा ओलांडला नसता अशा माणसाला आत बोलावले जाते. आता काही मालक या नव्या पाहुण्याने पुन्हा यावे म्हणून आपले सर्वोत्तम ते पुढे करतात, तर काही जण त्याच्याकडे आठवडाभर कसेबसे उरकायची गर्दी म्हणून पाहतात. यांतला कोण कोणत्या प्रकारचा, हे त्यांच्या मेन्यूवरूनच ओळखता येते.

ते कसे, हे थोडे सविस्तर सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. पदार्थाच्या विक्रीकिमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारणपणे तीस टक्क्यांच्या आसपास राहावा, असा या व्यवसायातला ढोबळ हिशेब असतो. किंमत उतरवली आणि पदार्थ तोच ठेवला, तर हा वाटा वाढतो आणि मालकाच्या हाती कमी उरते. ते सोसायचे नसेल, तर पदार्थ बदलावा लागतो: महाग माशाच्या जागी स्वस्त मासा येतो, वाढप लहान होते, किंवा सकाळीच मोठ्या प्रमाणावर करून ठेवता येईल असे सूप, सॅलड आणि थंड गोड पदार्थ मेन्यूवर दिसू लागतात. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आपण ज्या किचनचे नाव ऐकून जातो, त्याचे कसब त्या ताटात उतरलेले नसते. एका बड्या रेस्टॉरंटमध्ये मी केवळ निम्म्या दराच्या आकर्षणाने गेले होते. तिथे वाढलेल्या तीन पदार्थांपैकी एकही त्यांच्या रोजच्या मेन्यूवर नव्हता, आणि शेजारच्या टेबलावर नेहमीचे जेवण जेवणाऱ्यांची ताटे पाहिल्यावर मला त्या रेस्टॉरंटची ओळखच झाली नाही असे वाटले. उलट एका लहानशा ठिकाणी सवलत बेताचीच होती, पण तिन्ही पदार्थ रोजचेच होते, आणि तिथे मी त्यानंतर पूर्ण दराने चार वेळा जाऊन आले.

म्हणून पहिला प्रश्न हा की, सप्ताहाच्या मेन्यूवरील मुख्य पदार्थांपैकी किती पदार्थ रोजच्या मेन्यूवरही आहेत. निम्म्याहून अधिक असतील, तर ते ठिकाण विचारात घ्यावे. त्यानंतर आपल्याला जे खरोखर खायचे आहे त्याच तीन पदार्थांच्या नेहमीच्या किमतींची बेरीज करून ती सप्ताहाच्या दराशी ताडून पाहावी. गोड न खाणाऱ्याने गोडाची किंमत बचतीत धरण्यात अर्थ नाही. एकट्या मुख्य पदार्थाचीच नेहमीची किंमत सप्ताहाच्या दराच्या जवळपास जात असेल, तर मात्र सौदा खरा आहे. एखाद्या पदार्थापुढे बारीक अक्षरांत 'जादा आकार', म्हणजे वरचे पैसे, लिहिलेला असतो, तोही बेरजेत धरावा, कारण नेमका आपल्याला हवा असलेला पदार्थच पुष्कळदा तसा असतो. शिवाय जाहीर केलेल्या दरात पेये बहुधा नसतात, आणि कर, तसेच काही ठिकाणी सेवाशुल्क किंवा टीप, यांची वरून भर पडते, त्यामुळे हातात येणारे बिल जाहिरातीतल्या आकड्याहून बरेच मोठे असू शकते.

वेळेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि जमल्यास दुपारी जावे. सुट्टीच्या आदल्या रात्री चांगल्या किचनवरही ताण येतो. टेबल राखून ठेवतानाच आपल्याला सप्ताहाचा मेन्यू हवा आहे हे सांगावे, कारण काही ठिकाणी तो ठरावीक दिवशी किंवा ठरावीक वेळीच मिळतो, आणि काही ठिकाणी तो मागितल्याशिवाय पुढे केला जात नाही.

आपण आपल्या मनातील दोन ठिकाणांचे वर्णन दिले आहे: एक प्रशस्त आणि प्रसिद्ध, निम्म्या दरात जेवण देणारे, परंतु सप्ताहाचा मेन्यू अजून जाहीर न केलेले, दुसरे मध्यम आकाराचे, सुमारे पाव भाग सवलत देणारे, आणि आपल्याला खूप दिवसांपासून खायचा असलेला मासा सप्ताहाच्या मेन्यूवर ठेवणारे. मी दुसरे निवडेन. पहिल्याचा मोह सुटत नसेल, तर आजच फोन करून मेन्यू विचारावा. तो सांगण्याची त्यांची तयारी नसेल, तर दुसऱ्या ठिकाणचे टेबल लगेच नक्की करावे, कारण चांगल्या मेन्यूच्या ठिकाणी दुपारची टेबले आधी भरतात.