केईएम आणि परळचा परिसर उंचावरून कसा दिसतो? फोटोसाठी कुठून बघावा?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ‘भाग दाटीवाटीचा आहे, पण वरून कदाचित छान दिसेल.’ या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलो.

मी लालबागचा. जन्म वाडिया इस्पितळातला, म्हणजे केईएम हॉस्पिटलच्या शेजारचाच. पण परळ वरून पहिल्यांदा पाहिलं ते ताईच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, एकतिसाव्या मजल्यावरून. रुळांच्या पश्चिमेला, पूर्वी गिरणी होती त्या जागेवरचा टॉवर. दाजी एकेका पाहुण्याला गॅलरीत नेऊन शिवडी आणि समुद्र दाखवत होते. मग म्हणाले, “समोर ही हॉस्पिटलं आहेत, तेवढीच खोट. सगळी उचलून पनवेलच्या पुढे न्यायला पाहिजेत.”

आई तिथेच उभी होती. तिला आधी काही ओळखूच येईना. खाली रेल्वे वर्कशॉपचे पत्रे, पलीकडे चाळींची उरलीसुरली कौलं, त्यात घुसलेले टॉवर. तिने आधी भारतमाता सिनेमा कुठे ते मला विचारून घेतलं. मग तिथून बोट सरकवत आंबेडकर रोडने परळ टीटीचा चौक, आणि वळून केईएमचं गेट. ही तिची डब्याची वाट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले, त्यात आमचे बाबा. पुढच्या वर्षी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन केईएममध्ये झालं. चोवीस दिवस आई दोन्ही वेळा चालत डबा घेऊन गेली, बसचे पैसे वाचावेत म्हणून. तीन पुडांचा पितळी डबा, खालच्या पुडात पेज. ती हिंदकळू नये म्हणून डबा कडीने न धरता पोटाशी धरायचा. डाव्या मनगटाजवळ चटक्याचा डाग आहे अजून.

आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढंसंच अंतर होतं होय हे?”

वरून ही अडचण होते. अंतरं लहान दिसतात.

दाजींना तेव्हा मी काही बोललो नाही, वास्तुशांतीत वाद नको. आज बोलतो. केईएम १९२६ सालचं, महापालिकेचं. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, गेटवे ऑफ इंडिया ज्यांनी बांधलं तेच. केईएमच्या मेडिकल कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की इथले डॉक्टर भारतीयच हवेत. वाडिया त्याच काळातलं, समोरचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल १९४१ चं. ही इस्पितळं परळला आली कारण इथे गिरण्यांचा माणूस राहत होता. टॉवर ऐंशी वर्षांनी आले आणि आता इस्पितळानेच जागा सोडावी म्हणतात! २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. जखमींना केईएमलाच नेलं, कारण ते तिथे होतं. पनवेलपर्यंत कोण पोचलं असतं?

आता तुमचा प्रश्न. पश्चिमेच्या बाजूने बघत असाल तर दुपारी तीननंतर जा, ऊन तुमच्या पाठीमागून इस्पितळांवर पडतं. सकाळी सूर्य समोर येतो, सगळं काळपट दिसतं. पावसाची उघडीप मिळाली तर हवा सगळ्यात स्वच्छ, शिवडीची खाडी आणि अटल सेतूसुद्धा दिसतो. वीस-पंचवीस मजले पुरेत, त्याहून वर गेलं की माणसं दिसेनाशी होतात. केईएमची जुनी इमारत बुटकी आणि झाडांत आहे, तिला नव्या उंच इमारतींमध्ये शोधावं लागतं. टाटा चटकन सापडतं. त्याच्या भोवती फूटपाथवर ताडपत्र्या दिसल्या तर ते फेरीवाले समजू नका. त्यातले बरेचसे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आहेत, खानदेशातून, बिहार-बंगालमधून आलेले, पुढच्या तारखेची वाट बघत राहिलेले. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन हे दोन पत्ते जवळ ठेवा, खाली कुणी विचारलं तर सांगता येतील.

ड्रोनचा विचार असेल तर परवानगीशिवाय अजिबात उडवू नका. मी आता डोंबिवलीला राहतो, त्यामुळे कोणत्या इमारतीच्या गच्चीवर जाऊ देतात ते तुम्हालाच विचारावं लागेल. आणि फोटोत ताडपत्रीखालच्या माणसांचे चेहरे ओळखू येत असतील तर तो फोटो कुठेही टाकू नका.