शाळा सोडवून घरीच शिकवू का?

प्रश्न: ताई, आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो, घरी कापूस अन् तूर. पोरगं नऊ वर्षांचं, जिल्हा परिषदेच्या चौथीत. चर्चमधलं एक कुटुंब पोरांना घरीच ख्रिस्ती पद्धतीनं शिकवते, मलाही तसंच वाटते. पण मी रोज बायबलची वचनं पाठ करायला बसवलं की पोरगं पळून जाते. मी बारावी शिकलेली, जमेल का मला?
– एक आई

उत्तर: बारावी भरपूर झाली हो! पण वचनं घोकून घेणं म्हणजे ख्रिस्ती शिक्षण, हे कोणी सांगितलं तुम्हाला? शार्लट मेसन नावाची इंग्लंडमधली शिक्षिका होती (1842 ते 1923), स्वतः लग्न केलं नाही पण आयांसाठी घरच्या शिक्षणावर लिहिलं, 1886 मध्ये त्यावरचं पहिलं पुस्तक. तिचं म्हणणं मूल जन्मापासूनच पूर्ण माणूस असते, देवानं दिलेलं, त्याला भीती दाखवून नाहीतर लालूच देऊन वाकवायचं नाही. बायबल तिच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं, पण धडे लहान, लहान पोरांना वीस मिनिटांच्या आतच. उतारा एकदाच नीट वाचायचा अन् पोराला म्हणायचं, आता तू सांग. बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचून बघा, तुमचं पोरगं तो वाटसरू, ते गाढव, ती धर्मशाळा आपल्या बोलीत सांगेल, मधे टोकायचं नाही, शेवटी तात्पर्यपण काढायचं नाही. हे आपल्याला फार जड जाते बाई, तोंड गप्प राहतच नाही.

अन् वावर तर आहेच की. रोज बाहेर न्या, पऱ्हाटीच्या पात्या, फुलं, बोंडं, अळी सगळं वहीत काढू द्या, मेसनबाईंना हे देवाच्या कामापासून वेगळं वाटतच नव्हतं. आपल्या नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप पण शाळा चालवता चालवता दगड अन् जीवाश्म गोळा करायचे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायातही घरी बसता, वाटेनं चालता शिकवा असंच आहे ना.

शाळेतून मात्र काढू नका असं माझं मत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं आईबापाचं कर्तव्य आहे. पुढे वाटलंच तर एनआयओएसची (सरकारी मुक्त शाळेची) दहावी 14 पूर्ण झाल्यावर देता येते. तोवर शाळा सुटल्यावर संध्याकाळचा अर्धा तास पुरे, अन् पाठांतर जरा बंद ठेवा.