आमचा कुत्रा गेल्यावर मी इतकी कोलमडले आहे, ते खरं तर न झालेल्या बाळाचं दुःख आहे का?

नाही. तुमचं रडणं बंड्यासाठी आहे. हे कोणीतरी तुम्हाला सरळ सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही लिहिलंय की बंड्या दहा वर्षं तुमच्याजवळ होता. पोटातल्या प्लीहेवरची गाठ फुटली, ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि इंजेक्शन देऊन त्याला सोडवायचा निर्णय तुम्हा दोघांना घ्यावा लागला. पुढच्या महिन्यात तुमचं एम्ब्रियो ट्रान्सफर आहे, म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडायचा आहे. आपल्याच हातानं एक जीव घालवला, आता दुसरा कसा मिळेल, ही शिक्षा तर नाही ना, असं तुमच्या मनात येतं. सासूबाई म्हणतात, अशी रडत राहिलीस तर गर्भ धरणार नाही. नवरा म्हणतो, लगेच दुसरं पिल्लू आणू. आणि मैत्रीण म्हणाली, "तू त्याच्यात मूल बघत होतीस, म्हणून एवढं लागलं."

सासूबाईंचं मी समजू शकते. पण मैत्रिणीच्या वाक्यानं माझं डोकं सणकलं. हेच वाक्य मला माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं ऐकवलंय, आणि तेव्हा उत्तर द्यायचं त्राणच माझ्यात नव्हतं.

आमची ठमी मांजर. ती आली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मूल हा विषय आमच्या बोलण्यातसुद्धा नव्हता. हे मुद्दाम सांगते. ती कोणाच्या जागी आली नव्हती, कारण तेव्हा आमच्या घरात कोणाची जागा रिकामीच नव्हती. तपासण्या, गोळ्या, मग आयव्हीएफ, हे सगळं फार नंतरचं. लोक मात्र क्रम उलटा लावतात. मूल नाही, म्हणून मांजर. घरी येणाऱ्या प्रत्येकानं ठमीकडे बघून हाच अर्थ काढला आणि नंतर नंतर मला तिला कुरवाळायचीही चोरी झाली. मांडीवर मांजर दिसलं की समोरच्याच्या डोळ्यांत कीव यायची.

आणि ठमी मुलासारखी मुळीच नव्हती. एक कान फाटलेला, स्वभाव करारी. बंद दार तिला खपायचं नाही. पाहुणे आले की कपाटावर चढून ते जाईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवायची. कोणी आजारी पडलं की पायथ्याशी येऊन बसायची आणि ताप उतरेपर्यंत हलायची नाही. सांभाळायचं काम तीच करायची. अशा जिवाला कोणाची तरी बदली म्हणणं हा तिचा अपमान आहे.

तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला तो नेमका आमच्या उपचारांच्या काळात. म्हाताऱ्या मांजरांना हा आजार फार होतो. आधी लघवी वाढते, त्यामुळे पाणी पिणं वाढतं, मग वजन उतरतं, आणि मूत्रपिंडांनी गाळून टाकायचं क्रिएटिनिन रक्तात चढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं बरंचसं काम थांबलेलं असतं. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी घरीच कातडीखाली 100 मिली सलाईन द्यायला शिकवलं. पिशवी कोमट पाण्यात ठेवायची, कारण गार सलाईन आत गेलं की ती दचकायची. मग दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून खाली जो खळगा होतो त्यात सुई घालायची. पाठीवर पाण्याचा उंचवटा यायचा आणि हळूहळू घसरत पुढच्या एका पायात उतरायचा. मग काही वेळ ती त्या एका जाड झालेल्या पायानं, पण पूर्वीच्याच तोऱ्यात, घरभर हिंडायची.

त्याच टेबलावर माझं प्रोजेस्टेरॉन असायचं, गर्भ टिकायला मदत करणारं संप्रेरक. ते इंजेक्शन तेलात असतं, घट्ट, म्हणून तेही आधी तळहातात चोळून कोमट करायचं. नवरा आधी मला टोचायचा, मग हात धुऊन ठमीला धरायचा. दोघींच्या सुया एकाच डब्यात जायच्या. माझ्या कमरेखाली गाठी झाल्या होत्या, कुठल्याही कुशीवर झोपवत नव्हतं.

त्या दिवसांत मला सोसायला सोपं काय वाटायचं, तर ठमीची सुई. कारण तिचं फळ दिसायचं. सलाईन दिलं की संध्याकाळी ती उठून खिडकीत बसायची. माझ्या सुईचं आत काय होतंय ते ना मला दिसत होतं, ना डॉक्टरांना. वर्षानुवर्षं आपल्या शरीरासाठी काहीही करा, उत्तर 'नाही' येतं, अशा बाईला आपल्या हातानं एखाद्या जिवाला बरं वाटतंय हे रोज दिसणं म्हणजे काय असतं, हे ज्यांना सगळं वेळच्या वेळी मिळालं त्यांना नाही कळणार. आणि यातही मी तिच्यात मूल बघत नव्हते. मी तिच्यात ठमीच बघत होते आणि स्वतःकडे मात्र जरा बऱ्या नजरेनं बघत होते.

ट्रान्सफर झालं आणि रिपोर्टची वाट बघण्याच्या दिवसांतच तिनं खाणं सोडलं. तोंडात फोड आले, पाण्यापाशी जाऊन नुसती बसून राहायला लागली. डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती गाढ झोपल्यावर शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडेच राहतात, हे आधी कोणी सांगत नाही. त्याआधी संमतीच्या कागदावर सही करावी लागली. काहीच दिवसांपूर्वी मी ट्रान्सफरच्या संमतीपत्रावर सही केली होती. एका सहीनं जीव मागितला होता, दुसरीनं जीव जाऊ द्यायला हो म्हटलं. त्यामुळे तुमचा तो 'शिक्षा' शब्द कुठून आला हे मला नीट कळतं. शिक्षा नाही ही. प्लीहेची गाठ फुटली की पोटात रक्त साचत जातं, कुत्रा बघता बघता खचतो. तुम्ही त्याचा शेवटचा त्रास आखूड केलात. तुमच्या गर्भाशयाला त्या सहीचा पत्ताही नाही.

ताई दुसऱ्याच दिवशी आली. मनानं वाईट नाही ती, माझ्या प्रत्येक तपासणीला सोबत आलेली आहे. तिनं घर पुसून काढलं, ठमीचा शी-शूचा ट्रे मला न विचारता टाकून दिला आणि म्हणाली, "घर मोकळं झालं बघ. आता होईल." मी रडायला लागले तर म्हणाली, "तिच्यात मूल बघत होतीस गं तू. खरं बाळ आलं की विसरशील." पुढे बीटा रिपोर्ट, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आला. तेव्हा फोनवर म्हणाली, "एवढी रडलीस, गर्भ टिकणार कसा? लोकांना कॅन्सर होतो तरी धीरानं उभे राहतात, आणि तू मांजरीपायी..."

मला जेव्हा थोडं उभं राहता आलं तेव्हा मी यावर वाचायला लागले. ताईला पाठवलं, तिनं उघडलं नाही. तुम्ही वाचा, आणि सासूबाईंना वाचून दाखवा.

2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मानसशास्त्रज्ञ जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 14 अभ्यास एकत्र करून 3583 स्त्रियांची माहिती तपासली. उपचारांच्या आधी कोण किती चिंतेत, किती उदास आहे, याचा त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध सापडला नाही. गर्भ रुजत नाही तेव्हा बरेचदा कारण त्याच्याच गुणसूत्रांत असतं, आणि ते तुमच्या डोळ्यांतून पाणी यायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. आणि कॅन्सरचंच म्हणाल तर, 1993 साली मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमार यांच्या अभ्यासात वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांमधलं नैराश्य आणि चिंता कॅन्सरच्या रुग्णांइतकीच निघाली होती. म्हणजे तुम्ही आधीच तेवढं ओझं घेऊन चालत होता, त्यावर बंड्या गेला. कोलमडलात यात नवल ते काय?

तरी मैत्रिणीच्या म्हणण्यातला एक धागा मी मान्य करते. दोन दुःखं एकमेकांत अडकतात. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखांबद्दल लिहिलं, जी समाज दुःख म्हणून मोजतच नाही, ज्यांच्यासाठी कोणी भेटायला येत नाही की कोणी रजा देत नाही. पाळलेलं जनावर गेलं ते त्यातलं, आणि जे मूल कधी झालंच नाही ते तर त्याहून. दोन्हींना मोकळं रडायला जागा नसते, म्हणून एकाला वाट मिळाली की दुसरंही त्यातून वाहतं. मलाही रडता रडता कोणासाठी रडतेय ते कळेनासं व्हायचं. पण म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. तुमच्या मैत्रिणीची आई आणि वडील एकाच वर्षी गेले असते, तर 'तू खरं तर वडिलांसाठीच रडतेस' असं तिला कोणी म्हटलं असतं का?

आता तुमचे बाकीचे प्रश्न. ट्रान्सफर पुढे ढकलायचं का? गर्भ गोठवलेले असतील तर ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर आहेत, त्यांना महिना-दोन महिन्यांनी काही फरक पडत नाही. तुम्हाला थांबावंसं वाटत असेल तर थांबा, पुढे जावंसं वाटत असेल तर जा, फक्त 'रडतेय म्हणून होणार नाही' या धाकानं काही ठरवू नका.

पिल्लू आत्ता नको. नवऱ्याला म्हणावं, मलाही आठवण येते हे सरळ बोल. पिल्लू आणायची घाई बहुतेक वेळा ज्याला रडता येत नाही त्याची असते. पुढे कधी कुत्रा हवासा वाटला तर आणा, पण ट्रान्सफर लागलं नाही म्हणून नको आणि लागलं म्हणून रद्दही नको.

मांजरवाल्या वाचकांसाठी, कारण ताईसारख्या बायका घरोघरी आहेत. मांजरीच्या केसांनी मूल होत नाही हे धादांत खोटं आहे. काळजी मांजरीच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची असते, आणि तीही गरोदरपणात तो संसर्ग पहिल्यांदाच झाला तर. मांजर आयुष्यात साधारण एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक-दोन आठवडे, विष्ठेतून ते जंतू टाकते आणि ते बाधायला किमान एक दिवस जावा लागतो. ट्रे रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्या कोणी करायचा, बस. कच्चं मांस आणि बागेतली माती यांनाही तितकंच जपावं लागतं. मांजर घराबाहेर काढायची काहीही गरज नाही.

मी डॉक्टर नाही. तुमची फेरी गोठवलेल्या गर्भांची नसेल, इंजेक्शनं आधीच सुरू झाली असतील, तर थांबण्याचं गणित वेगळं असतं, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. तो 14 अभ्यासांचा आकडाही फेरीच्या आधीच्या ताणाबद्दल आहे, नेमका पाळीव प्राणी गेल्याच्या दुःखावर तो अभ्यास नव्हता. आणि झोप, जेवण पार तुटलं असेल किंवा जगावंसंच वाटत नसेल, तर ट्रान्सफरची तारीख बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आम्ही दोघं गेलो होतो, आणि तिथे माझ्यापेक्षा नवराच जास्त बोलला, तेही सगळं ठमीबद्दल.

मैत्रिणीला काय सांगायचं? बंड्याबद्दल सांगा. तो कसा झोपायचा, कशाला घाबरायचा, तुमच्या पायांचा आवाज कसा ओळखायचा. ती ऐकत राहिली तर मैत्रीण टिकेल.

ताई इथे येऊन वाचते, मला माहीत आहे. आम्हाला मूल झालं नाही आणि आम्ही उपचार थांबवले, हे तुला ठाऊकच आहे. तरीही मला ठमीचीच आठवण येते, फाटक्या कानाच्या त्या मांजरीची. तिचं नाव माझ्यासमोर काढायला तू कचरतेस. खुशाल काढ. फक्त त्याला जोडून बाळाचं काही बोलू नकोस.